अनोळखी सर्फ तबकडी: कधीची, कुठली आणि वाजवायची कशी

सर्फ रॉक, म्हणजे समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरणाऱ्या तरुणांच्या भोवती वाढलेलं गिटारचं संगीत, म्हटलं की बहुतेकांना गिटारवादक डिक डेलचं ‘मिसरलू’ आठवतं, तेही ‘पल्प फिक्शन’ या सिनेमामुळे. फार तर शांटेजचं ‘पाइपलाइन’ आणि सर्फारिसचं ‘वाइप आउट’. पण १९६१ ते १९६५ या काळात अमेरिकेत, मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्नियात, हायस्कुलातल्या पोरांच्या बँडनी सात इंची, ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे) तबकड्या ढिगाने काढल्या. गायक नाही, शब्द नाहीत. दोन गिटार, बेस, ड्रम आणि कधी सॅक्सोफोन. यातल्या पुष्कळ तबकड्यांच्या काहीशेच प्रती निघाल्या. नाचाच्या कार्यक्रमात आणि गावातल्या दुकानात त्या खपल्या आणि मग माळ्यावर गेल्या. अशी एखादी तबकडी हाती येते तेव्हा लेबलवर बँडचं नाव, धुनेचं नाव आणि एक आकडा एवढंच असतं. साल नसतं, गाव नसतं. तरी तिची बरीचशी कुंडली तिच्यावरच कोरलेली असते, आणि उरलेली ऐकून कळते.

एवढ्या तबकड्या निघाल्या कशा

तबकडी काढायला तेव्हा मोठ्या कंपनीची गरज नव्हती. पोरांनी किंवा त्यांच्या मॅनेजरने स्टुडिओचे काही तास विकत घ्यायचे, दोन धुना वाजवायच्या, टेप घेऊन तबकड्या छापणाऱ्या कारखान्यात जायचं आणि लेबलचं एक नाव ठरवायचं. कारखाने पैसे घेऊन कुणाचीही तबकडी छापून देत. त्यामुळे कित्येक लेबलं एका तबकडीपुरतीच जगली.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला कुकामोंगा इथे पॉल बफ याचा पाल नावाचा छोटा स्टुडिओ होता. बफने स्वतः बांधलेला पाच ट्रॅकचा, म्हणजे पाच आवाज वेगवेगळे टिपणारा, रेकॉर्डर तिथे होता. तेव्हा छोट्या स्टुडिओत एक किंवा दोन ट्रॅकवर काम चाले, म्हणजे ही चैनच. ‘पाइपलाइन’, ‘वाइप आउट’ आणि टॉर्नेडोजचं ‘बस्टिन सर्फबोर्ड्स’ ही तिन्ही ध्वनिमुद्रणं तिथली. १९६४ मध्ये रॉक संगीतकार फ्रँक झापाने हा स्टुडिओ विकत घेतला आणि त्याचं नाव स्टुडिओ झेड ठेवलं.

‘वाइप आउट’चा प्रवास बघितला की या धंद्याची रीत कळते. सर्फारिस हा बँड दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोराचा. ‘सर्फर जो’ ही त्यांची मुख्य बाजू ठरली होती, मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून ‘वाइप आउट’ बसवलं. सुरुवातीचं ते खदाखदा हसणं मॅनेजर डेल स्मॉलिन याचं. पहिली छपाई डीएफएस या लेबलवर झाली, आणि ही अक्षरं त्याच्याच नावाची आद्याक्षरं आहेत. मग ती प्रिन्सेस लेबलवर आली, मग डॉट या मोठ्या कंपनीने उचलली आणि १९६३ मध्ये ती लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकी यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. म्हणजे एकच ध्वनिमुद्रण, तीन लेबलं. गंमत पुढेच आहे. डॉटने याच नावाची एलपी काढली तेव्हा तिच्यात सर्फारिसच्या या दोन बाजू सोडल्या तर बाकीचं वादन चॅलेंजर्स या दुसऱ्याच बँडचं होतं. म्हणून या क्षेत्रात पहिला नियम असा, की लेबलवर छापलेल्या बँडनेच वाजवलंय असं धरून चालू नये. धुनेच्या नावात ‘सर्फ’ असणं हाही पुरावा नव्हे. १९६३ मध्ये हा शब्द खपत होता, म्हणून जुन्या साध्या वाद्यधुनांनाही तो चिकटवला गेला.

उलट, समुद्र नसलेल्या गावातून अस्सल सर्फ निघाला. ‘बाहा’ वाजवणारे ॲस्ट्रोनॉट्स कोलोरॅडोतल्या बोल्डरचे, ट्रॅशमेन मिनियापोलिसचे. ‘बोम्बोरा’ काढणारे अटलांटिक्स तर कॅलिफोर्नियापासून महासागरापलीकडे, ऑस्ट्रेलियात सिडनीला. तेव्हा किनाऱ्याच्या अंतरावरून काही ठरवू नका, कान लावा.

ऐकून साल कसं ओळखायचं

सगळ्यात मोठी खूण म्हणजे स्प्रिंग रिव्हर्ब, तो पाण्यात टपटपल्यासारखा ओला आवाज. लोक त्याला सर्फचा आत्मा समजतात. पण डिक डेलचं ‘लेट्स गो ट्रिपिन’ (१९६१), बेल-एअर्सचं ‘मिस्टर मोटो’ (१९६१) आणि खुद्द ‘मिसरलू’ (१९६२) ऐका. तिन्ही कोरडी आहेत. फेंडर कंपनीने रिव्हर्बची सुटी पेटी १९६१ मध्ये बाजारात आणली आणि ती पोरांच्या हाती सर्रास दिसू लागली १९६२-६३ मध्ये. म्हणून ढोबळ अंदाज असा: गिटार कोरडी, सॅक्सोफोन पुढे, ठेका जुन्या रॉक अँड रोलचा, तर १९६१-६२. रिव्हर्ब ठिबकतोय, सॅक्स मागे किंवा गायब, गिटार सुसाट, तर १९६३ किंवा पुढचं. अपवाद भरपूर, पण सुरुवात करायला ही खूण पुरते. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत पोचले आणि वर्षभरात याच बँडमधली पोरं माइकसमोर गायला लागली. त्यामुळे एका बाजूला गाणं, दुसरीकडे सर्फ धून अशी तबकडी दिसली तर १९६४-६५ चा संशय घ्यायला हरकत नाही.

रिव्हर्बची पेटी कशी चालते हे समजलं की ऐकणंच बदलतं. गिटारची केबल आधी या पेटीत जाते आणि पेटीतून अँप्लिफायरला. आत एका पत्र्याच्या तबकात दोन लांब, बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. एका टोकाला गिटारचा सिग्नल स्प्रिंग हलवतो, दुसऱ्या टोकाला एक पिकअप ती हालचाल पुन्हा विजेत बदलतो. आवाज स्प्रिंगमधून पलीकडे पोचायला सेकंदाचा काही शतांश वेळ लागतो. दोन स्प्रिंगांचा वेळ मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, म्हणून प्रतिध्वनी एकावर एक न बसता विरतात. शिवाय स्प्रिंगमधून सगळे स्वर एका वेगाने जात नाहीत. खालच्या पट्टीचे आधी पोचतात, वरचे किंचित मागून. त्यामुळे एक तुटक ‘टक’ आत गेला तर बाहेर येताना तो वर चढत जाणारा ‘ट्विंग’ होतो. सर्फ वादक ज्याला ‘ड्रिप’ म्हणतात ते हेच.

तो काढायची रीत ठरलेली आहे. उजव्या हाताची कड घोडीजवळ तारांवर हलकी टेकवायची म्हणजे स्वर दबतो आणि आघात तेवढा उरतो. मग जाड पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) जोरात छेडायचं. पेटीवर तीन बटणं असतात. ‘ड्वेल’ म्हणजे स्प्रिंगला किती जोराने हलवायचं, ‘मिक्स’ म्हणजे ओलं किती आणि कोरडं किती, आणि ‘टोन’. ड्रिप येतो तो ड्वेलमुळे. नुसतं मिक्स वाढवलं तर सगळं धूसर होतं, टपटप येत नाही. १९६३ पासून फेंडरने अँप्लिफायरमध्येच रिव्हर्ब बसवायला सुरुवात केली, पण त्यात साधारणपणे ड्वेल हे बटण नव्हतं आणि स्प्रिंग हलवणारी व्हॅक्यूम नळीही (व्हॉल्व्ह) वेगळी होती. त्यामुळे तो आवाज गुळगुळीत येतो. सराव झाला की तबकडीवर सुटी पेटी वाजतेय की अँपमधला रिव्हर्ब, हे बऱ्याचदा ओळखता येतं. चालू पेटीला पाय लागला तर स्प्रिंगा एकमेकींवर आपटून गडगडाट होतो. स्वस्त ध्वनिमुद्रणांत पुन्हा टेक घ्यायला पैसे नसत, म्हणून असला अपघात तसाच छापला गेल्याचंही सापडतं.

मराठी कानाला एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर पकडता येईल. ‘मिसरलू’ची मुख्य सुरावट गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर वाजते, आणि त्या तारेचा मोकळा स्वर षड्ज धरला तर बाकीचे स्वर भैरव थाटाचे निघतात: रे आणि ध कोमल, ग, म आणि नी शुद्ध. चलन भैरवाचं नाही, आंदोलन नाही, पण कोमल रे वरून शुद्ध ग वरची ती उडी ओळखीची आहे. ही धून पूर्व भूमध्य भागातली, आणि डेलचे वडील लेबनीज वंशाचे. डेल जी पिक सलग वर-खाली चालवतो ती सतारीतल्या दा-रा सारखीच, फक्त न थांबता, एकाच तारेवर आणि बऱ्याच जाड तारा लावून. याची नक्कल पुढे सगळ्यांनी केली. म्हणून अनोळखी तबकडीत पौर्वात्य सुरावट आणि एका तारेवरची घाई एकत्र दिसली तर ती १९६२ नंतरची, डेल ऐकलेल्या पोरांची, असं मानायला जागा आहे. दुसरा आवडता साचा स्पॅनिश वळणाचा आहे: ए मायनर, जी, एफ, ई असे उतरत जाणारे कॉर्ड. तो इतका वापरलाय की त्यावरून काहीच ठरत नाही.

कोऱ्या पट्ट्यावरचं लिखाण

शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो त्याला संग्राहक डेड वॅक्स म्हणतात. तबकडी दिव्याखाली तिरपी धरून भिंगातून बघा. तिथे दोन प्रकारचं लिखाण असतं: हाताने टोकाने कोरलेलं आणि ठशाने उमटवलेलं. कोरलेलं बहुधा मॅट्रिक्स क्रमांक असतो, म्हणजे त्या बाजूच्या मूळ कटिंगचा, म्हणजे साच्यासाठी खाचा कोरलेल्या पहिल्या तबकडीचा, नंबर. ठसे कारखान्याचे असतात.

लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची खूण म्हणजे वर्तुळात ‘एमआर’, आणि शेजारी हाताने काढलेला छोटा त्रिकोण व त्यापुढे एक आकडा. हा आकडा कामाचा अनुक्रमांक आहे आणि तो काळाबरोबर वाढत जातो. दुसऱ्या बाजूला तोच आकडा ‘एक्स’ जोडून येतो. म्हणजे ज्या तबकडीचा महिना माहीत आहे अशा मोनार्कच्या दुसऱ्या तबकडीशी त्रिकोणाचा आकडा ताडून बघितला तर तुमची तबकडी तिच्या आधीची की नंतरची हे कळतं. अशा दोन ओळखीच्या तबकड्यांमध्ये ती अडकवता आली तर तारीख काही आठवड्यांपर्यंत आवळता येते. अनोळखी कॅलिफोर्नियन तबकड्यांसाठी याहून उपयोगी खूण दुसरी नाही.

आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या छपाई विभागातून आलेल्या तबकड्यांवर मॅट्रिक्सचं पहिलं अक्षरच साल सांगतं: एम म्हणजे १९६१, एन १९६२, पी १९६३, आर १९६४, एस १९६५. ओ आणि क्यू मध्येच गाळलेले आहेत, तिथे गोंधळू नका. हे साल कटिंगचं असतं, वाजवण्याचं नव्हे. टेप वर्षभर कपाटात पडून राहिलेली असू शकते. ‘झेडटीएस’ने सुरू होणारा मॅट्रिक्स म्हणजे कोलंबियाचा छपाई विभाग. ओहायोतल्या सिनसिनाटीच्या राइट कारखान्याचे आकडेही अनुक्रमाने जातात. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या छोट्या बँडच्या तबकड्या बऱ्याचदा तिथल्या निघतात.

लेबलवरचा पत्ता असेल तर तो सोडू नका. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ ला सुरू झाला. त्याआधी मोठ्या शहरांत ‘हॉलिवूड २८, कॅलिफ.’ असा एक-दोन आकडी विभाग लिहीत. म्हणून झिप कोड दिसला तर तबकडी १९६३ च्या मध्यानंतरचीच. उलटं मात्र खात्रीने म्हणता येत नाही, कारण जुनी छापलेली लेबलं संपेपर्यंत वापरली जात. गावाचं नाव नसेल तर धुनेच्या नावाखालची प्रकाशन संस्था बघा. छोट्या प्रकाशन संस्था गावातल्याच दुकानदाराच्या किंवा स्टुडिओवाल्याच्या असत. ‘पाइपलाइन’ आधी ज्या डाउनी लेबलवर निघालं ते डाउनी गावातल्या रेकॉर्डच्या दुकानदारांचंच होतं.

बनावट प्रतींचं काय? मूळ लेबल स्कॅन करून छापलेलं असेल तर भिंगातून सपाट रंगाच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी दिसते आणि अक्षरांच्या कडा फुटतात. डेड वॅक्समध्ये कारखान्याचा एकही ठसा नाही, नुसता हाताने कोरलेला नंबर, हेही संशयाचं. पण एकाच लक्षणावर निकाल देऊ नये.

स्टायरीन: इथेच बहुतेक तबकड्या मरतात

त्या काळच्या ४५ दोन पदार्थांच्या निघत. व्हिनाइल दाबून बनवतात आणि लेबल त्याच दाबात तबकडीत बसतं. पॉलिस्टायरीन साच्यात ओतून बनवतात आणि लेबल नंतर चिकटवतात. मोनार्कने दोन्ही काढल्या. ओळखायला लेबलची कड बघा: नखाला उचललेली किंवा सुरकुतलेली वाटली तर स्टायरीन. कडेला नखाने हलकं टिचकावलं तर स्टायरीन कडक, उंच आवाज देतं. वाकवून बघू नका. व्हिनाइल वाकेल, स्टायरीन तडकेल.

स्टायरीन नवं असताना छान, शांत वाजतं. पण झिजलेल्या सुईने वाजवलं की खाचेच्या भिंती खरवडल्या जातात आणि कायमची फसफस बसते. ती धुऊन जात नाही. रेडिओ स्टेशनवरून आलेल्या प्रतींत पहिल्या काही सेकंदांत ही फसफस हमखास असते, कारण वाजवण्याआधी तबकडी सुईखाली पुढे-मागे फिरवून सुरुवातीची जागा लावत. विकणाऱ्याने ‘व्हीजी’ (व्हेरी गुड) लिहिलं असेल तर नावावर जाऊ नका. संग्राहकांच्या श्रेणीत याचा अर्थ ‘आवाज येतो, पण वाजते’ असा आहे. ऐकायला बरी हवी असेल तर ‘व्हीजी प्लस’च्या खाली उतरू नये, आणि स्टायरीन असेल तर ध्वनीचा नमुना मागून घ्यावा. डोळ्यांना चकचकीत दिसणारं स्टायरीन कानाला भाजकं निघू शकतं.

धुताना अल्कोहोल वापरू नका. अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य, बिनवासाच्या भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब पुरेत. मायक्रोफायबरचं कापड ओलं करून खाचांच्या दिशेने, गोल फिरवा. मग साबण काढायला नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा एक हात. लेबल कोरडंच राहिलं पाहिजे, स्टायरीनचं लेबल भिजलं की सुटतं.

वाजवणं आणि डिजिटल प्रत

आपल्याकडच्या बऱ्याच प्लेअरना मधोमध बारीक दांडा असतो. अमेरिकी ४५ चं भोक दीड इंचाचं. प्लास्टिकचा अडॅप्टर लागतो आणि तो सैल असेल तर तबकडी मध्यावर बसत नाही. लांब धरलेल्या स्वरांत सूर वर-खाली हेलकावतो तो त्यामुळे. तबकडी अडॅप्टरवर थोडी सरकवून पुन्हा वाजवा. सुई फिरताना बाजूला डुलायची कमी झाली की जमलं.

सुई शंकूच्या टोकाची घ्या, ०.७ मिल त्रिज्येची (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि वजन कार्ट्रिजवाल्याने सांगितलेल्या मर्यादेत वरच्या बाजूचं ठेवा. या मोनो तबकड्यांना महागडी लंबगोल सुई लावून फायदा नाही. स्टायरीनवर तर तिने नुकसान होण्याची भीती. वजन फार कमी ठेवणं ही नेहमीची चूक आहे. सुई जोरकस आघातावर खाचेत उडते आणि त्याने भिंत अधिकच खराब होते.

रेकॉर्डिंग स्टिरिओमध्येच करा, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर. सगळ्यात मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या खाली राहील असं बघा. मोनो तबकडीत संगीत सुईच्या आडव्या हालचालीत असतं, धूळ आणि ओरखड्यांचा बराच आवाज उभ्या हालचालीत. दोन्ही चॅनेल मिसळून मोनो केलं की उभं एकमेकांना मारतं आणि खरखर बरीच कमी होते. पण मिसळण्याआधी डावा आणि उजवा वेगवेगळा ऐका. पुष्कळदा खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा शाबूत असते. तसं असेल तर दुसरा चॅनेल टाकून द्या आणि चांगला तेवढाच ठेवा. मिसळल्यावर झांजांचा चमकदारपणा गेला तर सुई किंचित तिरपी बसली आहे आणि दोन चॅनेल काही सॅम्पलनी पुढे-मागे आहेत. फाइल मोठी करून एक चॅनेल सरकवून जुळवा.

टकटक काढणारी आपोआप चालणारी साधनं या संगीताची वैरी आहेत. दाबलेल्या तारेचा आघात आणि ड्रिप हे दोन्ही क्षणभराचे आणि टोकदार असतात. संगणकाला ते ओरखडाच वाटतात आणि तो पिकचा घाव बोथट करून ठेवतो. मोठी टकटक हाताने शोधून काढा, बाकी सोडा. खरखर घालवणारं साधनही रिव्हर्बची शेपटी खातं. काढून टाकलेला भाग वेगळा ऐकायची सोय बहुतेक प्रोग्रॅममध्ये असते. त्यात गिटार ऐकू आली तर साधन फार चढवलंय.

वेग तपासायची एक युक्ती भारतातून ऐकणाऱ्यांना विशेष सोयीची आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. स्वस्त स्टुडिओत गिटारच्या अँपचा गुणगुणाट टेपवर हमखास उतरायचा. फाइलचा स्पेक्ट्रम काढला आणि ५० किंवा १०० हर्ट्झवर रेघ दिसली तर ती तुमच्या घरची, अर्थिंग तपासा. ६० किंवा १२० वर दिसली तर ती बहुधा तबकडीतली. ती ६० ऐवजी ६१.२ वर असेल तर दोन टक्के वेग जास्त आहे, म्हणजे सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास एक तृतीयांशाने चढलाय. मापताना बेस वाजत नसेल अशी जागा निवडा, कारण बेसचा खालचा ‘बी’ ६१.७ हर्ट्झवर येतो आणि फसवतो. आधी स्वतःच्या टर्नटेबलचा वेग नक्की करा, तेही ५० हर्ट्झसाठी छापलेल्या स्ट्रोब चकतीने. ६० वाली आपल्या दिव्याखाली चुकीचं सांगते. टर्नटेबल बरोबर असूनही फरक राहिला तर तो तेव्हाच्या टेप मशीनचा. तो दुरुस्त करावा की नाही यावर मतं वेगळी आहेत. १९६३ मध्ये पोरांनी दुकानातून नेलेली तबकडी त्याच वेगाने वाजली होती, तेव्हा मूळ फाइल तशीच ठेवून दुरुस्त केलेली वेगळी ठेवणं बरं.

फाइलच्या नावात बँड आणि धुनेबरोबर लेबलचा क्रमांक आणि दोन्ही बाजूंचा डेड वॅक्स जसाच्या तसा लिहा, त्रिकोण असेल तर ‘डेल्टा’ असं. सोबत लेबलचे फोटो ठेवा. बँडचं नाव खोटं असू शकतं आणि तीच टेप दुसऱ्या नावाने दुसऱ्या लेबलवर निघालेली असू शकते. तेव्हा दोन फाइली एकमेकींवर ठेवून लहरींचा आकार जुळतो का हेच बघावं लागतं, आणि ते बघायला कापाकापी न केलेली मूळ फाइल लागते.